जुन्या फोनातली वही

उंब्रजच्या पुलाजवळ मुंबईची ट्रॅव्हल्स थांबते, तिथं आप्पा माझी मोठी बॅग दोन पायांच्या मधे धरून उभे होते. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. आत्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून कुंडलहून आम्ही आदल्या दिवशीच तिच्याकडं मुक्कामाला आलो होतो. आत्या पदरानं डोळे पुसत होती. आप्पा रडत नव्हते. ते एकटक रस्त्याकडं बघत होते, कारण गाडीचा हॉर्न त्यांना ऐकू येणार नव्हता आणि गाडी चुकून चालणार नव्हतं.

माझे वडील तोफखान्यात हवालदार होते. तोफांनी त्यांचे कान खाल्ले, तेही एकदम नाही, सुट्टीगणिक थोडे थोडे. मी शाळेत असताना ते सुट्टीवर आले की आई, मी, शेजारची चुलत भावंडं, आम्ही सगळेच जरा मोठ्यानं बोलायचो. पेन्शनीत आल्यावर मोठ्यानं बोलूनही भागेना. साताऱ्याला नेऊन कानाचं यंत्र बसवलं, ते त्यांनी चार महिन्यांत काढून कपाटात ठेवलं. "बोलणं न्हाई येत ह्यातनं, निस्ती भांडी पडल्यागत वाजतंय," असं म्हणाले. त्यानंतर त्यांचे कान म्हणजे माझी आई. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची, हातातलं काम थांबवायची आणि सावकाश बोलायची. तिच्या ओठांवरनं त्यांना सगळं कळायचं, आमच्या ओठांवरनं निम्मंच. आम्हाला ती सारखी बजावायची, "पाठीमागनं बोलू नगंस त्येंच्या. त्वांडाम्होरं जाऊन बोल."

मी उंब्रजच्या पुलाजवळ उभी होते तेव्हा आईला जाऊन अकरा महिने झाले होते.

गाडी दिसल्यावर मी पर्समधून माझा जुना फोन काढला आणि आप्पांच्या शर्टाच्या खिशात घातला. साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी लागल्यावर मी घेतलेला तो पहिलाच टच-स्क्रीनचा फोन. काचेच्या खाली बोटाला लागणारं एक बटण होतं, मागचं झाकण नखानं निघायचं, एका कोपऱ्याला टवका उडाला होता. त्या वेळीच तो जुना म्हणण्यासारखा होता. आप्पांनी खिसा वरून चाचपला. मी काहीतरी बोलले, पण बोलताना मी बॅग उचलत होते, माझं तोंड खाली होतं. ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "जा आता. खिडकीशी बस." थांब्यावरच्या सगळ्यांनी वळून बघितलं. मी काय बोलले होते ते त्यांना कधीच कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आता आठवत नाही.

जर्मनीच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात मी गेले. कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासायचं काम. साताऱ्यात सहा वर्षं मी तेच केलं होतं. तोच मायक्रोमीटर, तेच तक्ते, फक्त हात गार पडायचे आणि आजूबाजूचं बोलणं कळायचं नाही. पहिले सहा महिने मी जेवणाच्या सुट्टीत लोकांच्या तोंडाकडं बघत बसायची आणि सगळे हसले की हसायची. एक दिवस माझ्या लक्षात आलं, आप्पा गेली पंधरा वर्षं हेच करतायत.

जायच्या आधी तीन दिवस मी कुंडलला घराच्या बाहेरच्या सोप्यात बसून तो फोन आप्पांसाठी लावून दिला होता. त्यातलं सगळं काढून टाकलं आणि पडद्यावर फक्त चार मोठे चौकोन ठेवले. एकावर माझा फोटो, एकावर शेजारच्या सुरेखा वहिनीचा. ती माझ्या चुलतभावाची बायको, आप्पांच्या जेवणाखाण्याचं तीच बघणार होती. तिसरा कॅमेरा, आणि चौथ्यात गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवायला एक साधी टिपणवही. वाजणं त्यांच्या उपयोगाचं नव्हतं, म्हणून मेसेज आला की फोनच्या पाठीमागचा दिवा लखलख करेल असं केलं. खिशात असला तर छातीवर जोरात थरथरेल, असंही. अक्षरं जितकी मोठी होतील तितकी केली.

प्रश्न लिहिण्याचा होता. बारीक बटणांवर त्यांचं बोट बसेना. उजव्या हाताची दोन बोटं नोकरीतच आखडलेली. मग मी बोटानं काचेवर अक्षर काढायची सोय घातली. सैन्यातून आईला आंतर्देशीय पत्रं लिहिणारा माणूस तो, अक्षर वळणदार. बोटानं 'क' काढला आणि वर छापील 'क' उमटला, तेव्हा ते गालात हसले. पण थोड्या वेळानं भडकले. त्यांनी 'न्हाई' लिहिलं की फोन 'नाही' करायचा, 'कवा' लिहिलं की 'हवा'.

"ह्यो मास्तर हाय व्हय?" ते म्हणाले. "म्या लिवतोय येक आन् ह्यो करतोय दुसरंच!"

मग संध्याकाळभर बसून मी फोनला आमची भाषा शिकवली. न्हाई, व्हय, कवा, तवा, हाय, लय, हुतं, पायजे. एकेक शब्द त्याच्या शब्दकोशात घातला. आप्पा शेजारी बसून सांगत होते, "आन् 'गड्या' घाल. आन् 'वाईच' घाल." आई गेल्यापासून ते सलग इतका वेळ माझ्याशी कधी बोलले नव्हते.

आणि मग ते लिहायला लागले. हे मला नीट सांगितलं पाहिजे. लहानपणी माझं आणि आप्पांचं बोलणं आईमार्फतच व्हायचं. ते सुट्टीवर यायचे तेव्हा परक्यासारखे, आणि कायमचे आले तेव्हा बहिरे. माझी शाळा, माझा डिप्लोमा, माझी नोकरी हे सगळं त्यांना आईनं सांगितलं होतं. आता मी सहा-सात हजार किलोमीटरवर असताना ते थेट माझ्याशी बोलायला लागले.

"मनिषा. आज सुरेखानं आमटी दिली. लय तिकाट. म्या काय बोल्लो न्हाई."

"वरच्या तुकड्यात उसाला पानी फिरलं. तुज्या आईनं लावल्याला शेवगा वठला. तोडला न्हाई अजून."

मी पहिल्या बर्फाचा फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी बर्फाचं कौतुक केलं नाही. "पायात काय हाय तुज्या? मोजं दोन घाल. वलं मोजं पायात ठिवू नगं. बोटं जात्यात." ते दोन हिवाळे बर्फात काढून आले होते हे मला तेव्हा कळलं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. मी विचारत गेले, ते लिहीत गेले. कुठल्या ठाण्यावर पाणी वितळवायला किती वेळ लागायचा, पत्र किती दिवसांनी यायचं, माझ्या जन्माची तार त्यांना कुठं मिळाली. कामावरून परत येताना बसमध्ये मी ते मेसेज दोनदोनदा वाचायची.

दुसऱ्या वर्षी मी गावी आले ती त्यांच्यासाठी नवाकोरा फोन घेऊन. मोठी काच, चांगला कॅमेरा. आप्पांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला. बटण नव्हतं, सगळीच गुळगुळीत काच. आठ दिवस त्यांनी माझ्यासाठी वापरला. मग म्हणाले, "त्यो तू सुरेखाला दे. ह्यो माज्या वळणी पडलाय." त्या माणसानं नोकरीत वीस वर्षं एकच ट्रंक वापरली होती, तेव्हा मला नवल वाटलं नाही. सुरेखा वहिनीला नवा फोन मिळाला आणि जुन्या फोनाला मी सांगलीहून नवी बॅटरी आणून बसवली.

चौथ्या वर्षी अडचण आली. ज्यावरून आम्ही मेसेज करायचो ते ॲप इतक्या जुन्या फोनांवर बंद होणार अशी सूचना त्यांच्या पडद्यावर आली. आप्पांनी सूचनेचा फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, "हे काय म्हंतंय?"

मी शोधायला लागले. जगात कुठंकुठं बसलेली हौशी मंडळी असल्या जुन्या फोनांसाठी नव्या सिस्टिम बनवतात आणि फुकट देतात, हे मला तेव्हा समजलं. आमच्या फोनासाठीही कुणीतरी एक बनवली होती. ती घातली असती तर मेसेज चालू राहिले असते, शिवाय आणखी एक गोष्ट झाली असती. समोरच्याचं बोलणं ऐकून मराठीत लिहून दाखवणारं ॲप त्यावर चाललं असतं. त्या कल्पनेनं मला झोप येईना. आप्पा पारावर बाकीच्या पेन्शनरांमध्ये बसलेत, हातात फोन आहे, आणि ते बोलणं वाचतायत! महिनाभर मी रोज एक तास त्याच्या मागं होते. लोकांच्या शंका वाचल्या, त्यांची उत्तरं वाचली, कुठं काय चुकतं ते वहीत उतरवून घेतलं. मापं तपासणारी बाई मी. काही चुकणार नाही याची मला खात्री होती.

अठरा दिवसांची रजा काढून मी आले. तिसऱ्या दिवशी सकाळी सोप्यातल्या कॉटवर लॅपटॉप ठेवला, वायर जोडली. फोटो काढून घेतले. मेसेज काढून घेतले. माझ्या यादीत जे होतं ते सगळं काढून घेतलं. आप्पा माझ्या मागं पाटावर बसून बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. नवी सिस्टिम घालायला फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं, ते उघडायच्या आधी पडद्यावर आलं, आतली सर्व माहिती पुसली जाईल. मी विचारलं, "आप्पा, ह्यात आणि काय हाय का तुमचं? सगळं जाईल बघा."

मी वळले नाही. माझी नजर पडद्यावर होती. मागून त्यांचा आवाज आला, "व्हय, व्हय."

कुणाचा तरी जबडा हलताना दिसला, आणि आपल्याला काहीतरी विचारलंय असं वाटलं, की आप्पा "व्हय, व्हय" म्हणतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. घरातल्या कुत्र्यालाही माहीत असेल. तरी मी बटण दाबलं.

दुपारपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणं झालं. फोन पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा चपळ. मी चार चौकोन जसेच्या तसे लावले, दिवा लावला, गावाकडचे शब्द पुन्हा घातले. मग ते नवं ॲप उघडून फोन आप्पांच्या हातात दिला आणि सुरेखा वहिनीला त्यांच्या पाठीमागं उभं केलं.

वहिनी म्हणाली, "आप्पा, च्या ठेवू का?"

काचेवर अक्षरं आली: आप्पा चा ठेवू का.

आप्पांनी वाचलं. एक क्षण त्यांना काही उमगलं नाही. मग ते ताडकन मागं वळले आणि म्हणाले, "ठेव की! साखर कमी घाल." वहिनी हसायला लागली, आणि हसता हसता तिनं तोंडाला पदर लावला. किती वर्षांनी त्यांनी पाठीमागच्या माणसाला उत्तर दिलं होतं. त्या दहा मिनिटांत मला वाटलं, मी परदेशी गेले, शिकले, सगळं याच्यासाठीच.

चहा झाल्यावर आप्पांनी चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं. मागं गेले, पुन्हा ठेवलं. मग माझ्याकडं आले.

"माजी वही कुठं गेली?"

"कुठली वही?"

"ह्यातली. लिवल्याली."

मी गोळ्यांच्या वेळा लिहायला दिलेली ती साधी टिपणवही. ती माझ्या यादीतच नव्हती. ती कुठं दुसरीकडं साठवली जाऊ नये, कुणाच्या हाती लागू नये, म्हणून मीच तशी निवडली होती. गोळ्या तर ते तोंडपाठ घेत होते. त्या जागेत ते चार वर्षं काय लिहीत होते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"काय होतं त्यात, आप्पा?" या वेळी मी समोर जाऊन विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. "तुजी आय," ते म्हणाले आणि फोन कॉटवर ठेवून शेताकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं सांगलीला गेले. बाजारात फोन दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिरानं सगळं ऐकून घेतलं, लॅपटॉपला लावून तासभर खटपट केली आणि म्हणाला, "ताई, कुलूप उघडलं की आतली किल्लीच नष्ट होती. हे पाण्यात पडलेल्या फोनसारखं न्हाई. तुमी स्वतःच्या हातानं केलंय." तो वाईट बोलला नव्हता. आणखी दोन दुकानं फिरले, तिथंही तेच. ज्या हॉस्पिटलात आई गेली त्याच्यावरून एसटी स्टँडकडं यावं लागतं. मी मान खाली घालून आले.

आप्पा बोलेनात. बहिऱ्या माणसाचं घर तसं शांत नसतं, तो स्वतः मोठ्यानं बोलतो, भांडी जोरानं ठेवतो, दार आपटतो, कारण त्याला त्याचा अंदाज नसतो. ते दोन दिवस आमच्या घरात काहीच वाजलं नाही. ते जेवायचे, उसात जायचे, येऊन पाय धुवायचे. माझ्याकडं बघायचेच नाहीत, आणि ज्याला ऐकू येत नाही त्यानं बघायचं सोडलं की त्याच्यापर्यंत जायला वाटच उरत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीतून मेसेज लिहिला. बराच खोडून पुन्हा लिहिला. शेवटी एवढंच राहिलं: "आप्पा, माझं चुकलं. मी तुमच्याकडं पाठ करून विचारलं. तुम्हाला कळलं नाही हे मला कळायला पाहिजे होतं." सोप्यातून दिव्याची लखलख उंबऱ्यावर पडलेली दिसली. मग आप्पा दारात आले.

"कशाला रडतीस?" ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा, पण सावकाश. "म्या बी कवा सांगितलं न्हवतं तुला."

ते कॉटवर बसले आणि सांगायला लागले. आईचा आवाज त्यांच्या लेखी अठरा-वीस वर्षांपूर्वीच गेला होता. तो कसा होता ते त्यांना आता आठवत नव्हतं. "बारीक हुता का जाड हुता, काय सांगता येत न्हाई मला. पर ती बोलायची ती त्वांडावरनं कळायचं. आता त्वांडच ऱ्हायलं न्हाई. मग म्हटलं, बोलणं तरी ऱ्हावं." म्हणून आईचं एखादं वाक्य आठवलं की ते लिहून ठेवायचे. रोज नाही. कधी आठवड्यात एक, कधी एका दिवसात तीन. बांधावर आठवलं तर बांधावर, बोटानं.

"लिवल्यावर म्या बिनघोर झालो," ते म्हणाले. "हितं हाय म्हणून डोस्क्यातनं सोडून दिलं. आता काय काय हुतं ते बी ध्येनात न्हाई."

एवढं मला कुणी कधी मारलं नव्हतं.

मी त्यांच्या हातातला फोन घेतला, टिपणवही उघडली आणि त्यांच्या समोर धरली. "सांगा. आठवंल तेवढं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग मीच बोट काचेवर ठेवलं आणि मला आठवणारं आईचं एक वाक्य लिहिलं. ते सुट्टीवर यायचे तेव्हा आई अंगणात पाणी ओवाळून टाकायची आणि आत येताना, त्यांच्या पाठीमागून, आमच्याकडं बघत म्हणायची, "आलं बाई माजं येडं. आता घर भरलं."

आप्पांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"मला येडं म्हणायची?"

"दरवेळी."

"माज्या मागं?"

"तुमच्या मागंच."

ते हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी फार क्वचित बघितलंय. मग माझ्या लक्षात आलं, की आईचं निम्मं बोलणं आप्पांना कधी मिळालंच नव्हतं. चुलीपाशी, भांडी घासताना, त्यांच्या पाठीमागं, पलीकडच्या खोलीत ती जे बोलली ते फक्त आमच्याकडं होतं. आणि तोंडासमोर उभं राहून तिनं त्यांना जे सांगितलं ते आम्हाला माहीत नव्हतं. त्यांची वही पुसली गेली, पण या निम्म्याला त्या वहीत कधीच जागा नव्हती.

पुढचे नऊ दिवस आम्ही तेच केलं. मी लिहायची, त्यावरून त्यांना काहीतरी आठवायचं, मग ते लिहायचे. सुरेखा वहिनी भाकरी थापता थापता सांगायची आणि फोन स्वतःच ते उतरवून घ्यायचा, चुका करत. आईनं गाईला घातलेल्या शिव्या वहिनीलाच पाठ होत्या. आत्यानं उंब्रजहून फोन करून चार वाक्यं दिली. आप्पांचं सगळं परत आलं नाही. कधी ते मधेच थांबून डोळे मिटायचे, "व्हतं कायतरी... हळदीचं व्हतं..." म्हणायचे, आणि ते वाक्य यायचं नाही. ते गेलं ते गेलंच. ते माझ्या हातानं गेलं.

एक वाक्य मात्र मी लिहीत नव्हते.

सांगलीच्या हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात आप्पा खाली औषध आणायला गेले होते, तेव्हा आईनं माझा हात धरला होता. माझं जर्मनीच्या नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. ती म्हणाली, "ह्यास्नी एकट्याला ठिवू नगंस, मने." मी मान हलवली होती. अकरा महिन्यांनी मी उंब्रजला गाडीत चढले. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आत्यालासुद्धा नाही. चार वर्षं मी दर महिन्याला तिकडून आप्पांना कायकाय पाठवत राहिले, गरम मोजे, बदामाची पाकिटं, येताना नवा फोन, त्या सगळ्याच्या तळाशी हे वाक्य होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी ते लिहिलं आणि फोन त्यांच्याकडं दिला. तोंडानं सांगायचं धाडस मला झालं नाही.

आप्पांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. अंगणात वहिनी कपडे वाळत घालत होती, तिच्याकडं बघत राहिले.

"मला सांगायचं हुतं तिनं," ते म्हणाले. "म्या म्हटलं असतं तिला, पोरीला आडवू नगं."

मी त्यांच्या समोर जाऊन बसले.

"आन् एकटं वाटतं. न्हाई कसं?" ते म्हणाले. "लय वाटतं. सांजच्याला जेवताना जास्ती. तुला म्या तसं कवा लिवलं न्हाई. पर तू हितं बसली असतीस आन् तुज्या तोंडावर रोज जायचं ऱ्हायल्याचं दिसलं असतं, तर मला काय ग्वाड लागलं असतं? तोंड वाचतो म्या, मने. मला फसवता येत न्हाई."

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी खरं सांगितलं, आणि मीही सांगितलं. आमच्या घरात हे पहिल्यांदाच झालं.

आता ती वही दोघांच्या फोनात आहे. एकानं लिहिलं की दुसऱ्याला दिसतं, आणि ती तीन ठिकाणी साठवलेली आहे. मी वर्षातून दोनदा जाते, कारखान्यात सांगून रजा तशी बांधून घेतली आहे. त्यासाठी बढतीची जागा सोडली. आप्पा पारावर फोन घेऊन बसतात. ॲपला पेन्शनरांची बोली झेपत नाही, ते भलतंच लिहितं, आणि ते वाचून सगळा पार हसतो. त्यांना हसण्याचं कारण कळतं, एवढं पुरे आहे.

माझ्यासारखे जे गावाबाहेर पडलात, आणि ज्यांना मागं ठेवून आम्ही बाहेर पडलो, त्या तुम्हा सगळ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडं शहाणपण काही नाही. परत जा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः गेले नाही. इथं जर्मनीत घराला जो शब्द आहे तो माझ्या भाड्याच्या खोलीसाठी वापरताना पहिली दोन वर्षं माझी जीभ अडखळायची. आता अडखळत नाही. कुंडलला निघताना मात्र तोच शब्द पुन्हा वापरते, आणि इथल्या मैत्रिणी विचारतात, नक्की कुठलं?

मागच्या महिन्यात आईच्या वाक्यांखाली आप्पांनी एक प्रश्न लिहिला. "तिकडं दारात कोन भेटलं तर काय म्हंत्यात?" मी लिहिलं, आमच्या भागात म्हणतात 'ग्रुस गॉट', म्हणजे साधारण रामराम. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "पारावर समद्यास्नी म्हणून दावलं. आनि काय म्हंत्यात त्ये लिव."

तेव्हापासून मी लिहिते. बेकरीतली बाई पाव देताना काय म्हणाली, फोरमन एका चुकलेल्या मापावर काय ओरडला, खालच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात थांबून गुडघ्याबद्दल काय म्हणते. दिवसभर कुणी काही बोललं की ते विसरायच्या आत सांगावं असं वाटणारा एक माणूस आहे, आणि तो वाट बघतोय. माझं घर तेवढ्यात आहे. काल मी म्हातारीचं गुडघ्याचं वाक्य पाठवलं. आज सकाळी बसमध्ये बसले तेव्हा खाली आप्पांच्या बोटानं काढलेली ओळ होती:

"तिला म्हणावं तिळाचं त्याल लाव. आन् काय म्हंती त्ये कळव."

म्हातारीच्या भाषेत तिळाला काय म्हणतात ते शोधत मी कामावर पोचले.